मातृत्वाचा खर्च कोणाचा? १९२८ चा प्रश्न आणि प्रोबेशनवरची बाई



"नवी नोकरी लागली आहे, सहा महिन्यांचे प्रोबेशन आहे आणि दिवस गेलेत. साहेबांना सांगू का? सांगितले तर काढतील का? नाही सांगितले तर फसवणूक होईल का?"

सामाजिक काम करताना हा प्रश्न आता वारंवार समोर येतो. आपल्या आयांना तो पडला नाही. शेतावर, बांधकामावर किंवा धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाईला ना नेमणूकपत्र होते, ना प्रोबेशन. पोट दिसू लागले की ती शक्य तितके दिवस राबायची आणि मग घरी बसायची. मजुरी बंद व्हायची, एवढेच. आज त्याच घरातली मुलगी नर्स झाली आहे, शिक्षिका झाली आहे, बँकेत, कॉल सेंटरमध्ये, एखाद्या संस्थेत लागली आहे. घरातला पगाराचा पहिला कागद तिच्या नावाचा आहे. म्हणूनच तिची भीतीही नवी आहे.

या भीतीवर आपल्याकडे सल्ले दिले जातात ते फक्त घरगुती. कोणी म्हणते, "लग्न झाल्यावर लगेच नोकरी कशाला धरली?" कोणी म्हणते, "थोडे थांबायचे होते." म्हणजे दोष तिच्या वेळापत्रकाचा! माझे म्हणणे असे आहे की हा तिच्या वेळापत्रकाचा प्रश्न नाही. बाळंतपणाच्या काळातल्या पगाराचा खर्च कोणी सोसायचा, हा तो प्रश्न आहे. बाबासाहेबांनी जुलै १९२८ मध्ये त्याचे उत्तर दिले होते. देशाने ते अर्धेच ऐकले. उरलेल्या अर्ध्याची किंमत आज प्रोबेशनवरची बाई मोजते आहे.

गिरणीतली बाई आणि कौन्सिलमधले बाबासाहेब

१९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद भरली. तिथे प्रसूतीसंबंधीचा करार झाला. त्यात एक मुद्दा स्पष्ट होता: रजेच्या काळातला निर्वाह सार्वजनिक निधीतून किंवा विम्यातून व्हावा. एकट्या मालकाच्या खिशातून नाही. भारताने हा करार स्वीकारला नाही. १९२४ साली कामगार नेते ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आणले, तेही फेटाळले गेले.

त्या काळात मुंबईच्या गिरण्यांमध्ये साधारण पाच कामगारांमागे एक स्त्री होती. बहुतेक जणी रिळिंग आणि वाइंडिंग खात्यात, नाईकिणीच्या हाताखाली. कामावर घेणे आणि काढणे बरेचसे जॉबर आणि नाईकीण यांच्या मर्जीवर चालायचे. प्रोबेशन हा शब्द नसला तरी रोजचा दिवसच प्रोबेशन होता.

अशा वेळी मुंबई कायदे कौन्सिलमध्ये प्रसूती लाभाचे विधेयक चर्चेला आले. २८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेब त्याच्या बाजूने बोलले. बाहेर गिरणी कामगारांचा मोठा संप चालू होता. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेला हाच तो संप. याच काळात विणकाम खात्यात अस्पृश्यांना शिरू दिले जात नाही, हा प्रश्न बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांसमोर लावून धरला होता. कामगार म्हणून लढताना जात विसरायची नाही आणि जात म्हणून लढताना बाई विसरायची नाही, हे दोन्ही त्यांच्या त्या वर्षीच्या कामात एकत्र दिसते.

त्यांच्या भाषणातले दोन मुद्दे आपण नीट समजून घेतले पाहिजेत.

पहिला मुद्दा: प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून तो भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, कारण लोकांचे कल्याण जपणे ही प्रथम सरकारची जबाबदारी आहे. जिथे जिथे हा लाभ सुरू झाला, तिथे सरकारने काही वाटा उचलला आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

दुसरा मुद्दा: म्हणून मालक मोकळा सुटत नाही. मालक बायकांना कामावर घेतो ते दयेपोटी नाही. त्या कामात पुरुषापेक्षा बाई लावणे त्याला फायद्याचे पडते म्हणून घेतो. जो फायदा घेतो त्याने भाराचा वाटाही उचलावा.

दोन्ही मुद्दे एकत्र वाचा. सरकार प्रमुख, मालक वाटेकरी. बाईवर मात्र काहीच नाही.

१९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. या प्रकारचा हा देशातला पहिला कायदा. मुंबई-अहमदाबादच्या गिरणीतल्या बाईला रजेच्या काळात दिवसाला ८ आणे मिळू लागले. ही मोठी जीत होती, ती लहान करायची नाही. पण दोन गोष्टी त्यात राहून गेल्या. सगळा खर्च एकट्या मालकावर पडला. आणि लाभ मिळण्याआधी त्याच मालकाकडे ठरावीक महिने काम केलेले असावे, अशी अट आली. म्हणजे नवी बाई आपोआप बाहेर. बाबासाहेबांचा दुसरा मुद्दा कायद्यात उतरला, पहिला कागदावर राहिला.

मालकाने काय केले?

मालकाने हिशेब केला. एका विशिष्ट बाईच्या पोटातल्या बाळाचा खर्च एका विशिष्ट मालकाला द्यावा लागणार असेल, तर तो मालक ती बाईच टाळणार.

हे अनुमान नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९४४ साली कामगारांच्या स्थितीची पाहणी करायला द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. कायदा चुकवण्यासाठी काही मालक गरोदरपणाची पहिली चिन्हे दिसताच बायकांना कामावरून काढतात, हे त्या समितीच्या पाहणीत नोंदले गेले. सात महिन्यांचे पोट घेऊन रजेचा अर्ज करायला येईपर्यंत तिचे नाव मस्टरवर ठेवायचेच नाही, म्हणजे प्रश्न मिटला.

आजचा मनुष्यबळ व्यवस्थापक जे करतो ते यापेक्षा वेगळे काय आहे? फक्त "तुझे नाव मस्टरवरून काढले" असे न म्हणता तो "युअर परफॉर्मन्स इज नॉट सॅटिस्फॅक्टरी" म्हणतो.

मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी खाणीतल्या बायकांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात दुरुस्त्या केल्या. पण त्याहून दूरगामी काम त्याच काळात दुसरीकडे चालू होते. १९४३ साली प्रा. बी. पी. अडारकर यांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितले गेले आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपण म्हणतो ती ईएसआय, उभी राहिली. तिचे तत्त्व पाहा. सगळे मालक आणि सगळे कामगार ठरावीक टक्का एका निधीत भरतात आणि बाळंतपणातला पगार त्या निधीतून येतो. ज्या मालकाकडे दहा बायका गरोदर आहेत आणि ज्याच्याकडे एकही नाही, दोघांचा टक्का सारखाच. मग बाई टाळून मालकाला काय वाचणार? १९२८ च्या पहिल्या मुद्द्याच्या सगळ्यात जवळ आपला देश गेला तो इथे.

पण ईएसआय सगळ्यांना नाही. २०१७ पासून पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपयांवर अडकली आहे. त्याच्या वर एक पायरी चढलेली आपली मुलगी या निधीतून बाहेर पडते आणि पुन्हा एकट्या मालकाच्या हिशेबात येते.

१९६१ चा कायदा: पैसा वाचतो, नोकरी वाचेलच असे नाही

संविधानाच्या अनुच्छेद ४२ मध्ये प्रसूती साहाय्याची तरतूद करण्याचे निर्देश राज्याला दिले आहेत. १९६१ साली देशभरासाठी मातृत्व लाभ कायदा आला. सुरुवातीला लाभासाठी आधीच्या १२ महिन्यांत १६० दिवस काम केल्याची अट होती. १९८८ च्या दुरुस्तीने ती ८० दिवसांवर आली. २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा १२ वरून २६ आठवडे झाली. आता या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये घेतल्या आहेत. ८० दिवस आणि २६ आठवडे हा सांगाडा तोच आहे.

या कायद्यात कायम आणि प्रोबेशनवरची असा भेद नाही. मोजायचे ते दिवस. रुजू होताना तिसरा महिना चालू असेल तर प्रसूतीपर्यंत ८० दिवस सहज भरतात. २००० साली दिल्ली महानगरपालिकेच्या मस्टर रोलवरच्या, म्हणजे रोजंदारीवरच्या बायकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा लाभ फक्त कायम नोकरांची मिरासदारी नाही. २०२३ साली कविता यादव खटल्यात सांगितले की कंत्राटाची मुदत मध्येच संपली तरी लाभ संपत नाही.

मग भीती कशाची? कायद्याचे कलम १२ नीट वाचले की कळते. त्याचे दोन भाग आहेत. बाई प्रसूतीच्या रजेवर असताना तिला काढणे बेकायदेशीर आहे, हा एक. रजेवर जाण्याआधी, गरोदरपणात केव्हाही काढले, तरी काढले नसते तर जो लाभ मिळाला असता तो तिला मिळालाच पाहिजे, हा दुसरा. दुसऱ्या भागात पैसा वाचतो, पण नोकरी परत मिळण्याची तशी थेट हमी नाही. प्रोबेशन नेमके या फटीत बसते. कारण न देता, "योग्य वाटले नाही" म्हणून काढण्याची मुभा मालकाकडे असते. जिथे कारण द्यावे लागत नाही, तिथे प्रत्येक पूर्वग्रहाला जागा मिळते. बाईचा, आईचा आणि आडनावाचाही. ज्या मुलीचा मामा-काका त्या ऑफिसात नाही, जिच्यासाठी कोणी "माहितीतली आहे" म्हणून शब्द टाकणार नाही, तिच्यासाठी ही फट सगळ्यात रुंद असते. म्हणून हा आपला प्रश्न आहे.

फॉर्म कोणी भरायचा?

प्रोबेशन आणि गरोदरपण यांचा सगळ्यात महत्त्वाचा निवाडा म्हणजे नीरा माथुर विरुद्ध भारतीय आयुर्विमा महामंडळ. उमेदवार परीक्षा आणि मुलाखत उत्तीर्ण झाली. महामंडळाच्याच डॉक्टरने तपासून तिला तंदुरुस्त ठरवले. सप्टेंबर १९८९ मध्ये प्रोबेशनवर नेमणूक झाली. पुढे तिने प्रसूतीची रजा घेतली, जानेवारी १९९० मध्ये बाळ झाले आणि फेब्रुवारीत तिला कामावरून कमी केले. महामंडळाचे म्हणणे असे की नोकरीआधी भरलेल्या फॉर्ममध्ये तिने खोटी माहिती दिली.

काय विचारले होते त्या फॉर्ममध्ये? पाळी नियमित येते का, शेवटची पाळी कधी आली, किती वेळा दिवस गेले, गर्भपात झाला का! कारकुनी कामासाठी बाईला हे विचारले जात होते. उच्च न्यायालयात ती हरली. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये तिला कामावर परत घ्यायला सांगितले आणि हे रकाने अपमानास्पद ठरवून फॉर्ममधून काढून टाकायला लावले. त्याआधी १९८१ साली एअर इंडियाच्या हवाई सुंदरींच्या खटल्यात पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवणारा नियमही न्यायालयाने रद्द केला होता.

पण सवय जात नाही. २०२१ च्या डिसेंबरअखेरीस स्टेट बँकेने तीन महिन्यांपेक्षा अधिक गरोदर उमेदवार 'तात्पुरती अपात्र' ठरवणारा नियम आणला होता. देशभर ओरड झाली तेव्हा तो मागे घेतला.

इथे आपले काही उपासक विचारतात, "मुसावादा वेरमणीचे काय? लपवणे म्हणजे खोटे बोलणे नाही का?" प्रश्न प्रामाणिक आहे, उत्तरही तसेच देतो. खोटे बोलू नका. पण कोणी विचारले नसताना स्वतःच्या शरीराची माहिती न देणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. मातृत्व लाभ कायद्यात मुलाखतीत किंवा रुजू होताना गरोदरपण जाहीर करण्याची सक्ती करणारे कलम नाही. आहे ती रजेची लेखी सूचना. ती वेळेत द्यायची राहिली तरी हक्क बुडत नाही. मुलाखतीत थेट विचारलेच तर "याचा या कामाशी संबंध काय?" असे शांतपणे विचारण्यात शीलभंग होत नाही.

आणि सांगण्याचे बंधन खरे कोणावर आहे? २०१७ च्या दुरुस्तीने ते मालकावर घातले. प्रत्येक स्त्रीला नेमणुकीच्या वेळीच, लेखी आणि इलेक्ट्रॉनिक पद्धतीने, मातृत्वाच्या सगळ्या लाभांची माहिती द्यायची आहे. तुमच्यापैकी किती जणींच्या नेमणूकपत्रासोबत हा कागद आला? सांगायचे मालकाने, आणि रात्र-रात्र जागते बाई!

"हे ऑफिसातल्या बायकांचे लाड आहेत"

आपल्या चळवळीतच हा आक्षेप येतो. ऊसतोडणीच्या फडावर आठव्या महिन्यातही मोळी उचलणारी बाई आहे, तिला कसले २६ आठवडे? आक्षेप खरा आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. नवरा-बायको मिळून एक कोयता, खाडा झाला की दंड. पाळी आणि बाळंतपण म्हणजे खाडा. मग गर्भाशयच काढून टाका!

पण नीट पाहा. फडावरचा मुकादम आणि काचेच्या केबिनमधला मॅनेजर एकच हिशेब करत आहेत: बाईच्या शरीराचा खर्च मी का सोसू? एकाकडे कायदा पोचलाच नाही, दुसऱ्याने कायद्यातली फट शोधली. दोन्हीकडे राज्य बाजूला उभे आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ गरोदर स्त्रीला किमान ६,००० रुपये देण्याचे म्हणतो, तर प्रधानमंत्री मातृ वंदना योजना पहिल्या बाळासाठी ५,००० देते. २६ आठवड्यांची घोषणा करताना टाळ्या सरकारने घेतल्या, बिल मालकाकडे पाठवले, आणि मालकाने ते प्रोबेशनवरच्या बाईकडे सरकवले.

२००० सालचा आंतरराष्ट्रीय मातृत्व संरक्षण करार म्हणतो की एकट्या मालकावर या लाभाचा थेट खर्च टाकू नये, नोकरीसाठी गर्भचाचणी मागू नये आणि गरोदर बाईला काढले तर ते गरोदरपणामुळे नाही हे मालकाने सिद्ध करावे. भारताने हा करारही स्वीकारलेला नाही. बाबासाहेब खर्चाबद्दल हेच ७२ वर्षे आधी सांगत होते.

आता काय करायचे?

ज्या बहिणींसमोर हा प्रश्न आज आहे, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे.

नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, हजेरीची नोंद यांच्या प्रती घरी ठेवा. कामाचे कौतुक तोंडी झाले असेल तर ते मेलवर येईल असे पाहा. "कामगिरी असमाधानकारक" या वाक्याला उत्तर देणारा तोच पुरावा असतो. सांगायचे ठरवाल तेव्हा तोंडी सांगून थांबू नका, त्याच दिवशी तारीख घालून लेखी द्या. म्हणजे त्यानंतर काढले तर दोन तारखा शेजारी शेजारी दिसतील. जड काम असेल किंवा तब्येतीला धोका असेल तर थांबू नका, लवकर सांगा. प्रसूतीच्या आधीच्या ठरावीक काळात कष्टाचे काम नाकारण्याचा हक्क कायदा देतो. एक्स-रेसारख्या किरणोत्साराच्या कामात तर कळताच सांगणे नियमानेच आवश्यक आहे. आणि काढलेच तर राजीनाम्यावर सही करू नका. "राजीनामा दे, रेकॉर्ड खराब होणार नाही" हे वाक्य तुमच्या भल्यासाठी नसते. १९६१ च्या कायद्यानुसार लाभ नाकारल्याविरुद्ध अपिलाला ६० दिवस असतात, म्हणून लगेच कामगार कार्यालय गाठा. ईएसआयमध्ये असाल तर तिथल्या शाखेत जा.

कार्यकर्त्यांनी काय करायचे? आपल्या विहारांत स्पर्धा परीक्षेचे वर्ग चालतात, मुलाखतीची तयारी करून घेतली जाते. त्यात नेमणूकपत्र वाचायला शिकवणारा एक तास घाला. आपल्या माणसांच्या शाळा, संस्था, दवाखाने आहेत, तिथे नेमणुकीसोबत मातृत्व लाभाचा कागद दिला जातो का, हे आधी विचारा. घरात नसलेली समता बाहेर मागता येत नाही.

आणि मागणी मोठी ठेवा. ईएसआयची पगारमर्यादा वाढवा. मातृत्वाचा पगार सामायिक निधीतून द्या आणि त्यात सरकारने आपला वाटा टाका. असंघटित बाईला त्याच निधीत घ्या. गरोदर बाईला प्रोबेशनवर काढले तर कारण सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाका.

१४ एप्रिलला आपण बाबासाहेबांना 'कामगारांचे कैवारी' म्हणतो. प्रोबेशनवरची मुलगी गरोदर असल्याचे ऑफिसात न घाबरता सांगू शकेल, तेव्हा २८ जुलै १९२८ चे भाषण पुरते ऐकले असे म्हणता येईल. तोवर ती एकटी नाही, हे तिला कळले पाहिजे. ते कळवणे आपले काम आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!